फटाका नव्हता

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, तेर गावच्या महारुद्र साऊंडवाल्याचा. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूनं चेपली आहे आणि वायर जोडायची जागा सैल झाली आहे. सध्या मी आयुबचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात फळीवर पडून असतो. शेजारी जळके पंखे आणि मुके रेडिओ. येता-जाता कुणी विचारतं, "हा चालतो का हो?" चाचा म्हणतात, "चालत व्हता." ऐकून वाईट वाटतं, पण खोटं कसं म्हणू?

माझा जन्म दूर दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून पेटीत बसून धाराशिवच्या एका दुकानात आलो. महारुद्रनं मला तिथं घेतलं आणि एसटीत मांडीवर ठेवून तेरला आणलं. रस्ता असा की माझा एकेक स्क्रू मोजून घेतला त्या गाडीनं! घरी त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, मला हळदकुंकू लावलं. "गुणाचा निघ रं बाबा," म्हणाली. त्यातलं थोडं कुंकू जाळीत गेलं आणि पहिले काही दिवस मी घोगराच बोललो.

पुढं मी काय काय नाही केलं! बारशी केली, लग्नं केली, गोरोबाकाकांच्या देवळात कीर्तनं केली. ढोकीला साखर कारखान्याचा बॉयलर पेटायचा तेव्हा साहेबलोकांची लांबलचक भाषणं सोसली. कुणी फुंकर मारायचं, कुणी टकाटका डोक्यात मारायचं, कुणाच्या तोंडाचा तंबाखूचा वास दिवसभर जायचा नाही. सोनारीच्या यात्रेत मात्र माझा रुबाब बघायचा. चुकलेली पोरं माझ्यामुळं सापडायची. पोराला उराशी धरून आया माझ्याच पाया पडायच्या. एकदा तिथल्या माकडानं माझी काळी स्पंजाची टोपी पळवली आणि देवळाच्या कळसावर बसून तिचा फडशा पाडला.

मग शिवकन्येनं मला नवी टोपी विणली. शिवकन्या म्हणजे महारुद्र आणि सारजाबाईची एकुलती एक लेक. लाल लोकरीची टोपी, वर छोटा गोंडा. गोंडा कशाला, माईकला कुणी गोंडा लावतं का, म्हणून बाप हसला. ती म्हणाली, "असू द्या की आप्पा, सभेत उठून दिसंल."

माईकवाल्याचं एक असतं, मित्रांनो. सभा कुणाचीही असो, पहिला शब्द त्याचा. पाहुणे यायच्या आधी तो पुढं येतो आणि म्हणतो, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक, दोन, तीन." ते कुणी ऐकत नाही. मग मोठी माणसं येतात आणि तो बाजूला जाऊन मशीनच्या बटणावर हात ठेवून तोंड मिटून बसतो. त्याच्या वाट्याला तेवढंच बोलणं. लहानपणी शिवकन्या बापाच्या हातातून मला ओढून घ्यायची आणि म्हणायची, "हॅलो, हॅलो, आई, भूक लागली." अख्खं तेर हसायचं आणि सारजाबाई घरातून ओरडायची, "आले गं माय, गावभर बोंबलू नकोस!"

ती मोठी झाली, कॉलेजला जाऊ लागली. आणि त्याच वर्षी चैत्रात ते झालं.

गावात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक होती. आमचं काम नव्हतं, बाहेरून डीजे आला होता, म्हणून मी घरीच होतो. शिवकन्या गच्चीवर कुरडया उलटत होती आणि सारजाबाई खाली चीक शिजवत होती. पुढाऱ्याचा पुतण्या अमरसिंह उघड्या जीपमध्ये उभा होता. त्यानं कमरेचं पिस्तूल काढलं आणि हवेत बार काढला. डीजेच्या दणदणाटात कुणाला काही कळलं नाही, जीप नाचत पुढं गेली. सारजाबाईनं खालून दोन हाका मारल्या. उत्तर आलं नाही म्हणून ती वर गेली. त्यानंतरची तिची किंकाळी मी ऐकली, मित्रांनो. तिला कोणत्याही माईकची गरज नव्हती.

लोक हळहळले. गोळी आरपार गेली होती, ती सापडलीच नाही. पोलिसांनी अमरसिंहाला धरलं आणि लगेच जामीनही झाला. कोपऱ्यावरचे किराणावाले मल्लिकार्जुनअण्णा म्हणाले, "म्या डोळ्यांनी बघितलं. कोर्टात सांगणार." महारुद्रला त्यांचा मोठा आधार वाटला.

दिवाळीच्या सुमाराला आमदारकीची निवडणूक आली. कृष्णराजदादा उभे होते, त्या पुढाऱ्याच्या विरोधात. तेरच्या चौकात त्यांची सभा झाली. शिवकन्येची लाल टोपी घालून मी त्यांच्यासमोर उभा होतो. काय बोलले दादा त्या दिवशी! "माझ्या शिवकन्येला गोळी लागली. कुणी काहीही सांगू द्या. फटाका नव्हता, गोळी होती! मी निवडून आलो तर या तालुक्यात बंदुकीचा परवाना मिळणार न्हाय. आणि सुरुवात माझ्यापासून. हे माझं पिस्तूल आत्ता ठाण्यात जमा करतो!"

त्यांनी पिस्तूल काढून सगळ्यांना दाखवलं. बायका पदराला डोळे पुसत होत्या. महारुद्र बटणावर हात ठेवून हुंदके देत होता. मला तर अभिमान वाटला हो, असा शब्द माझ्यातून गेला म्हणून.

दुसऱ्या दिवशी हवालदार नागप्पा आयुबचाचांच्या दुकानात पंखा दुरुस्तीला घेऊन आले. मला घेऊन तिथं आलेला महारुद्र त्यांना दादांच्या पिस्तुलाचं सांगू लागला. नागप्पा म्हणाले, "अहो, निवडणुकीत परवान्याची हत्यारं सगळ्यांनाच जमा करावी लागत्यात. निकाल लागला की परत नेत्यात."

महारुद्र चिडला. "दादांचं तसं न्हाय," म्हणाला.

दादा निवडून आले. पुढच्या सभेला ते लाकडी टेबलाला टेकून बोलत होते आणि त्यांच्या कमरेकडून खट् असा आवाज आला. तो मी ओळखला, पिस्तूल परत आलं होतं. महारुद्रनंही ओळखला असावा, कारण त्याचा हात बटणावरून घसरला.

ढोकीला दादा म्हणाले, "रानडुकरं उसाची नासाडी करत्यात. शेतकऱ्याला बंदूक पाहिजे." आता त्यात खोटं काही नव्हतं. डुकरं नासाडी करतातच, रात्रंदिवस राखण करून माणसं बेजार होतात. पण दादांच्या शिफारशीनं परवाने मिळाले ते भलत्यांनाच. त्यांच्या दारात पांढऱ्या गाड्या होत्या, आणि ऊस त्यांनी फक्त रसाच्या गाड्यावर बघितलेला.

मग अमरसिंह काकाला सोडून दादांच्या पक्षात आला. दादांनी त्याला हार घातला आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "मिरवणुकीत सलामी द्यायची आपल्याकडं पद्धत हाय. एखादी सलामी चुकली म्हणून तरण्या पोराच्या जन्माची माती करायची का?"

सलामी! गोळीची सलामी झाली, मित्रांनो, आणि टाळ्या वाजल्या. त्या दिवसापासून दादा बोलायला उठले की महारुद्र पुढं येऊन माझी लाल टोपी काढायचा आणि खिशात ठेवायचा. लोकांना वाटायचं, टोपी मळू नये म्हणून.

सारजाबाई त्याला म्हणाली, "त्या माणसाच्या सभेला तुम्ही माईक लावताच कसा? जीव कसा होतो तुमचा?"

"म्या न्हाय लावला तर दुसरा लावल," महारुद्र म्हणाला. "मी तिथं असलो तर कधीतरी तोंडावर इचारीन तरी."

आणि त्यानं विचारलंही. सभा संपल्यावर तो दादांच्या गाडीपाशी गेला. "दादा, तुम्ही गोळी म्हणला व्हता."

दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "महारुद्र, पोरीचं दुःख मलाबी हाय. पण वेळ बघून बोलावं लागतं. तू नको मनाला लावून घेऊस." आणि काच वर गेली.

कोर्टात साक्षीची तारीख लागली. त्याआधी परंड्याच्या सभेत दादा सहज बोलावं तसं बोलून गेले, "तेरला फटाक्यानं अपघात झाला, त्याचं काही लोक राजकारण करत्यात." फटाका! गावात दोन-चार दिवसांत तोच शब्द फिरू लागला. ज्यांनी शिवकन्येला खांदा दिला होता तेही म्हणू लागले, असंल बाबा फटाका, आवाजात काय कळतंय. मल्लिकार्जुनअण्णा महारुद्रला बघून दुकानात आत जाऊ लागले. महारुद्रला आता एकच पाहिजे होतं, तारखेच्या आधी गावानं तो खरा शब्द पुन्हा एकदा ऐकावा.

तारखेच्या आदल्या दिवशी तेरच्या त्याच चौकात दादांचा सत्कार होता. चौक भरला होता. पहिल्या रांगेत अमरसिंह आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेत मल्लिकार्जुनअण्णा. दादा पायऱ्या चढत होते. महारुद्र पुढं आला. त्यानं खिशातून लाल टोपी काढली, माझ्या डोक्यावर नीट बसवली आणि आवाज पूर्ण वर नेला.

"हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. माझ्या शिवकन्येला गोळी लागली. हॅलो. कुणी काहीही सांगू द्या. फटाका नव्हता. हॅलो. गोळी होती."

दादा पायरीवरच थांबले. स्वतःचं वाक्य कुणाला ओळखू येणार नाही? मी मल्लिकार्जुनअण्णांकडं बघत होतो. त्यांनी मान खाली घातली.

मग चार-पाच पोरं धावत आली. महारुद्रला ओढत खाली नेलं. झटापटीत मी पडलो, कुणाचा तरी बूट माझ्यावर पडला आणि माझी जाळी चेपली. दादांनी हात जोडून हसत हसत दुसरा माईक मागवला. "बापाचं काळीज हाय, समजून घ्या," म्हणाले. त्यालाही टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी कोर्टात अण्णा म्हणाले, "मला फटाका वाटला." पुढं काही महिन्यांनी अमरसिंह सुटला. महारुद्रला कुणी सभा देईना, कीर्तनंसुद्धा बंद झाली. तो आता ढोकीला ट्रॅक्टरवर जातो आणि कामापुरतंच बोलतो.

परवा सारजाबाई दुकानात आली. फळीवरून मला उचललं, पदरानं पुसलं आणि चाचांना म्हणाली, "आयुबभाई, ल्हानपणी पोरगी ह्यातच बोलायची. ह्यात तिचा आवाज कुठं ऱ्हायला आसंल का? काढता येतो का?"

चाचांचे डोळे भरून आले. "न्हाय वो भाभी. माईकमधी काय ऱ्हात न्हाय. येतं आन् जातं."

मग पिशवीतून लाल टोपी काढून तिनं माझ्या डोक्यावर घातली. चेपलेल्या बाजूनं ती नीट बसेना. मला तोंडाजवळ धरून ती अगदी हळू म्हणाली, "हॅलो, हॅलो. शिवकन्ये, जेवायला ये."

मला वायर नव्हती, मित्रांनो. ती हाक कुठंच गेली नाही.

माझी एवढीच विनंती आहे. मला पुसू नका, दुरुस्तही करू नका, माझं वय झालं. पण सभेला गेलात तर टाळी वाजवायच्या आधी नीट ऐका, आणि ऐकलेलं ध्यानात ठेवा. कारण मी काही ठेवू शकत नाही. उद्या कुणी तुम्हाला सांगेल की तेरला तेव्हा फटाका फुटला होता. त्या वेळी महारुद्र तिथं नसेल आणि मीही नसेन. तुम्ही सांगा, फटाका नव्हता. तिचं नाव शिवकन्या होतं आणि ती गच्चीवर कुरडया उलटत होती.