तिसरी तार

मित्रांनो, हिवरखेडला पंजाबरावांच्या घरी टीव्हीखालच्या फळीवर, विणलेल्या रुमालाखाली एक जुना काळा डबा बसलेला असतो. तो मी. कारखान्यात मला कोणी घडवले ते आठवत नाही. त्यांच्या लेकीने, आचलने, पहिल्या पगारात मला अकोल्याहून आणले, तेव्हापासूनचे मात्र सारे आठवते. टीव्हीवरचे दोनशे तासांचे कार्यक्रम माझ्या पोटात मावतात.

आचल नांदगाव पेठच्या कापड गिरणीत पाळीवर असते, तिथेच राहते आणि सुट्टीला घरी येते. ती घरी येईपर्यंत तिच्या आवडीचे सगळे मी साठवून ठेवायचो आणि शाबासकी घ्यायचो. मला तीन तारा. एक विजेची, दुसरी गच्चीवरच्या छत्रीची, तिसरी इंटरनेटची. कोणता कार्यक्रम किती वाजता, हे मला तिसऱ्या तारेतून रोज कळते. ती नसली की मी जुन्या यादीवर चालतो, म्हणजे आंधळाच.

यंदा उन्हाळ्यात रुख्मिणीबाईंना, आचलच्या आईला, टीव्हीवाल्यांनी शेतीच्या कार्यक्रमात बोलावले. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे ठेवून बियाणे पेरण्याजोगे आहे का, ते कसे ओळखायचे, हे त्यांनी सांगितले. कार्यक्रम गुरुवारी साडेसहाला लागणार होता.

"आचल आल्याबिगर मी नाई पाहत," त्यांनी बजावले. "रविवारी संगंच पाहू."

आचलने मोबाइलवरून, त्याच तिसऱ्या तारेतून, मला तो साठवायचा हुकूम सोडला आणि घरचे निर्धास्त झाले.

बुधवारी आभाळ गडगडले. पंजाबरावांनी नेहमीसारख्या माझ्या तिन्ही तारा उपटल्या आणि निवळल्यावर दोनच लावल्या. चित्र दिसले, आवाज आला. तिसरी त्यांना फुकटची वाटली. गुरुवारी कार्यक्रम ऐनवेळी सहालाच लागला. मला कोण सांगणार? मी इमानदारीने साडेसहाला सुरुवात केली.

रविवारी रुख्मिणीबाई नवे लुगडे नेसून बसल्या. आचलने बटण दाबले. नाव बरोबर आले. पडद्यावर मात्र कुकर विकणारा माणूस!

"बाबा, हे तार कोनं काढली?"

"चित्र तं दिसून राह्यलं होतं. मंग तिचं काय काम?" पंजाबराव मान खाली घालून म्हणाले.

तो कार्यक्रम पुन्हा दाखवत नाहीत. आचलचे डोळे भरले. "सुट्टी टाकून आली व माय मी."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रुख्मिणीबाई उठल्या, त्यांनी टीव्ही बंद केला आणि गोणपाट आणले.

"थ्या टीव्हीवाल्यानं मले मधातच तोडलं होतं. आता पुरं सांगतो. बस."

पंजाबरावांनी बॅटरी माइकसारखी त्यांच्यापुढे धरली. "बोला ताई, दाने किती घ्याचे?" आचल रडता रडता हसली. असा कार्यक्रम माझ्या फळीसमोर कधी झाला नव्हता. पोटात जागा होती, पण तो तारेतून येत नव्हता. मला तो ठेवता आला नाही, याचे फार वाईट वाटते.

मित्रांनो, आभाळ गडगडले तर आमच्या तारा जरूर काढा, पण लावताना मोजून लावा. पंजाबराव आता खाली वाकून मोठ्याने मोजतात, "विजेची, छत्रीची, अन् हे आचलची."