मोटरीचे कार्ड

मळवलीच्या आमच्या शेतातली मोटर मी घरच्या ओट्यावर बसून सुरू करते. नदीकाठच्या स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड आहे. त्या नंबरावर फोन लावायचा आणि एक दाबायचा. विजेला वेळकाळ नाही, काठ उतरायला माझे गुडघे धड नाहीत आणि मुलगा कैलास दिवसभर तळेगावच्या कारखान्यात. शेती माझ्या हातात राहिली ती या पेटीमुळे.

जूनमध्ये कैलासने घरातले सगळे नंबर एकाच योजनेत बसवून नव्या कंपनीकडे नेले. त्यांत मोटरीचाही नेला. दुसऱ्या दिवशी पेटी मुकी झाली. पावसाने ओढ दिलेली. भाताची रोपे पिवळी पडू लागली.

रविवारी पेटी बसवणारा हनुमंत आला. झाकण उघडून हसलाच.

"मावशी, पेटी धड हाय. पण तिला टूजीच कळतं, अन् ह्या कंपनीकडं नुसतं फोरजी. कैलासभाऊ, मोटरीला काय व्हिडिओ बघायचं व्हतं व्हय?"

कैलास ओशाळला. "आई, नंबर नव्वद दिवस परत नेता येत नाही. नवी पेटी आठवड्यात येईल. नाहीतर यंदा शेत शेजारच्या निवृत्तीला वाट्याने कसायला देऊ. तू तरी किती दिवस ओढणार?"

"रोपे आठवडा थांबणार नाहीत. मीही नाही. गाडी काढ."

लोणावळ्याच्या दुकानात मी जुन्या कंपनीचे नवे कार्ड मागितले. यंत्र माझ्या बोटांचा ठसा घेईना. पन्नास वर्षांच्या लावणीत रेषा झिजल्या आहेत.

"आजी, दादांच्या नावावर करू या ना," दुकानातली मुलगी म्हणाली.

"शेत माझे, मोटर माझी. दुसरे बोट घे."

सातव्या बोटाला यंत्राने होकार दिला.

दुपारी कार्ड सुरू झाले. हनुमंताने ते पेटीत घालून माझा नंबर तिला ओळखायला लावला. मी ओट्यावरून फोन केला. माझा फोन नव्या कंपनीचा, पेटीतले कार्ड जुन्या कंपनीचे. तरी घंटा वाजली. मी एक दाबला.

थोड्या वेळाने रोपांजवळून कैलासचा फोन आला. "आई, पाणी आलं!"

"आले तर बघत काय उभा राहिलास? पाट वळव. आणि निवृत्तीला निरोप दे, लावणीला मजुरीवर ये म्हणावे. वाट्याने नव्हे."