एडिसनच्या फळीवरचा पहिला पेडल

मी एक जुना पेडल आहे. माझ्याशिवाय संगीत अपुरे आहे. हे वाक्य माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आहे. ते लिहिणाऱ्या म्हाताऱ्या एबेरला डाव्या कानाने कमी ऐकू येत असे आणि उजव्याने अजिबात नाही.

मित्रांनो, पेडल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सायकल आली असेल. ती मनातून काढून टाका. सायकलचा पेडल माणसाला कुठेतरी नेतो. मला गिटार किंवा तिचा खर्जातला भाऊ बास आणि त्यांचा स्पीकर यांच्यामध्ये वायरने जोडतात. वाजवणारा बुटाने माझ्या डोक्यावरचे बटण दाबतो आणि सरळ आत आलेला सूर फाटका होऊन बाहेर पडतो. माझ्या जातीतला कुणी सूर थरथरवतो, कुणी त्याचा प्रतिध्वनी काढतो. मी फाडतो. चांगला सूर मुळात फाडावा कशाला, हे मला कुणी कधी सांगितले नाही.

माझा जन्म मोन्तेविदेओ शहरातल्या एबेरच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात झाला. लोकांनी टीव्ही दुरुस्त करून घेणे सोडून दिले होते, त्यामुळे त्याच्याकडे वेळ पुष्कळ होता आणि मेलेले टीव्ही त्याहून पुष्कळ. माझे आतडे त्या टीव्हींचे आहे, अंग पत्र्याचे आणि रंग कुणाच्या तरी फ्रिजला देऊन उरलेला. दुकानाच्या काचेत मी चार वर्षे बसून काढली. मग एके दिवशी एडिसन इस्त्री दुरुस्त करायला आला, आणि ती तिथेच ठेवून मला घेऊन घरी गेला.

"झाली का इस्त्री?" त्याची बायको निबिया स्वयंपाकघरातून म्हणाली.

"बदलून आणली."

ती हात पुसत बाहेर आली. तिने मला उलटेसुलटे करून पाहिले. "हे गरम होतं का?"

"थोडंसं," एडिसन प्रामाणिकपणे म्हणाला.

एडिसन तीस वर्षे एकाच बँडमध्ये बास वाजवत होता. बँड लिबेरचा. माणसे आठ. शनिवार-रविवारी पेठेपेठेतल्या क्लबांत ते कुंबिया वाजवत आणि लोक नाचत. कुंबियात बासला काम फार नसते. तीन-चार सूर, तेच ते, फिरून फिरून. पण सगळ्या हॉलचे पाय ऐकत असतात ते तेवढेच सूर. एडिसन ते असे टाकायचा की गुडघ्यांची ऑपरेशने झालेल्या बायका खुर्च्या सोडून उठायच्या. "गाणाऱ्याचं सोडा हो," त्यांतली एक म्हणायची, "आपल्याला नाचवतो तो मागचा जाडा." ही स्तुती माझ्या वाट्याची नव्हती. तेव्हा मी घरी असे.

पहिल्याला नेहमी वाटते की आपण एकटेच पुरेसे आहोत. मलाही वाटले. सहा आठवडे एडिसन संध्याकाळी मला जोडायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. सातव्या आठवड्यात थरथरवणारा आला.

आमच्या शहरात जाहिरातींत एक शब्द असतो, 'पेर्मूतो'. म्हणजे बदल्यात देतो. विकत घेणाऱ्या माणसाला घरी उत्तर द्यावे लागते. बदलून आणणारा मान वर करून दारातून आत येऊ शकतो. थरथरवणाऱ्याच्या बदल्यात खोली गरम करण्याची शेगडी गेली. प्रतिध्वनीवाल्यासाठी दोन खुर्च्या गेल्या. निबियाच्या आईचे शिवणयंत्र गेले त्या दिवशी घरात एकदम दोन पेडल आले, आणि एडिसनने तो सौदा शेजाऱ्यांनाही सांगितला.

"बदलून आणतोस ना?" निबिया म्हणाली. "मग एकाचे एकोणीस झाले कसे?"

"घरातल्या वस्तू मोजल्या तर एकूण तेवढ्याच आहेत."

"त्यातल्या एकावर तरी बसता येतं का रे?"

त्याने आम्हां एकोणीस जणांना कपाटाच्या काढलेल्या दारावर चिकटवले; तीच आमची फळी. मग क्रम लावण्याचे काम सुरू झाले. फाडणारा आधी की थरथरवणारा आधी? तो एक सूर वाजवायचा, मान तिरकी करून ऐकायचा, वाकून दोघांच्या जागा बदलायचा आणि पुन्हा तोच सूर वाजवायचा. बाजूला माते, म्हणजे आमच्याकडचा कडू चहा, गार होऊन जायचा. त्या दोन वर्षांत त्याने घरी एकही गाणे शेवटपर्यंत वाजवले नाही. मित्रांनो, मी त्याच्या बोटांच्या अगदी जवळचा, त्यामुळे मला आधी कळले. सूर उशिरा यायला लागले होते. थोडेच उशिरा. पण नाचणाऱ्याच्या पायाला थोडेसे पुरते.

लिबेरलाही ते कळले. एका सकाळी तो घरी आला. बसायला काही नव्हते म्हणून उभाच राहिला.

"रविवारी क्लबचा साठावा वाढदिवस आहे. दुपारचा नाच. तू एक बास आणायचा आणि एक वायर. संपलं."

"हो रे."

"हो रे नाही. मागच्या वेळी ते दार उचलायला मला दोन माणसं लागली. आणि तू अर्धं गाणं ओणवा होतास. लोकांना तुझं तोंडच दिसलं नाही."

"तोंड काय बघायचंय माझं?"

"ते खरंय," लिबेर म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "तीस वर्षं झाली, लेका. बाकीचे सहाजण मला रोज विचारतात. या वेळी दार आणलंस तर ती तुझी शेवटची दुपार. मला ते करायला लावू नकोस."

एडिसनने शब्द दिला. तो मनापासून दिला होता, हे मी स्वतः पाहिले आहे. अडचण एवढीच होती की सूर जुळवायला एक पेडल लागतो. तो दाबला की बासचा आवाज स्पीकरपर्यंत जात नाही, म्हणजे तारा पिळताना लोकांना त्रास होत नाही. तेवढा एकच पेडल न्यायचा असे एडिसनने ठरवले. पण तो फळीवर चिकटवलेला होता. म्हणून फळी न्यावी लागली.

रविवारी क्लबात लिबेरने आम्हांला पाहिले आणि तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. हॉल भरला होता. एडिसनने सूर जुळवायचा पेडल दाबला, तारा पिळल्या, सगळे नीट जुळले आणि तेवढ्यात गाणे सुरू झाले. पेडल पुन्हा दाबून आवाज सोडायचे राहून गेले.

एडिसनने वाजवायला सुरुवात केली. आवाज नाही. त्याने आधी माझ्याकडे पाहिले. मी निर्दोष होतो, पण माझा इतिहास तसा नव्हता. त्याने मला काढले, दुसऱ्याला जोडले, तिसऱ्याची वायर बदलली. दुसरे गाणे संपले तेव्हा तो गुडघ्यांवर होता. चौथ्या गाण्याला पोटावर. सूर जुळवायच्या पेडलचा लाल दिवा त्याच्या कोपराजवळ शांतपणे जळत होता. मला तो दिसत होता. बोलता आले असते तर तेव्हाच बोललो असतो. हे आत्मवृत्त सांगण्याची वेळ आली नसती.

की-बोर्ड वाजवणाऱ्या सुल्माने पहिल्या गाण्याच्या मध्यावर एडिसनकडे एकदा पाहिले आणि डावा हात खालच्या पट्ट्यांवर नेला. तीन-चार सूर, तेच ते. बायका खुर्च्या सोडून उठल्या. दोन तास नाच झाला.

हॉल रिकामा झाल्यावर लिबेर आला. वाकला, दिवा पाहिला आणि बुटाच्या टोकाने पेडल दाबला. एडिसनचा हात तारेवरच होता. एक मोठा, गोल, सुंदर सूर हॉलभर घुमला. मागे खुर्च्या रचणारी बाई दचकली. "अगंबाई," ती म्हणाली, "बास पण होता का?"

"घरी जा, एडिसन," लिबेर म्हणाला.

पुढच्या शनिवारी त्याला न्यायला गाडी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बँडमध्ये आता सात माणसे आहेत. शनिवारी दुपारी एडिसन शर्ट बदलून खिडकीशी उभा राहतो आणि पाच वाजले की शर्ट पुन्हा बदलतो. निबिया त्याला काही म्हणत नाही. पूर्वी ती म्हणायची, ते बरे होते.

या सगळ्यातून त्याने धडा घेतला. बाकीचे पेडल चालू आहेत की बंद, हे एका नजरेत दाखवणारा एक पेडल मिळतो. तो आपल्याकडे असता तर ही वेळ आली नसती. साल्तो गावच्या एका माणसाकडे तो होता. पण त्याला घरातल्या वस्तू नको होत्या. त्याला बास हवा होता.

"मग हे सगळं जोडणार कशाला?" निबियाने विचारले.

"आधी व्यवस्था तर नीट होऊ दे," एडिसन म्हणाला.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या. आम्हांला कोरड्या जागी ठेवा, वायर धरून ओढू नका, वर्षातून एकदा बटणातली धूळ काढा. आणि जमले तर एखादे गाणे शेवटपर्यंत वाजवा. आमच्यापैकी कुणालाही न दाबता वाजवलेत तरी आम्हांला वाईट वाटणार नाही.

नवा पेडल उत्तम चालतो. आम्ही एकोणीसच्या एकोणीस बंद आहोत, हे तो अचूक दाखवतो.