तेरा लाख अक्षरं

मारोतराव उमाट्यांनी दुकानाबाहेर चपला काढल्या, त्यांची टोकं भिंतीकडे वळवली, मग कौशल्याबाईंच्या चपलाही उचलून तशाच ओळीत लावल्या आणि पायपुसण्यावर पाय तीनदा पुसून काचेचं दार ढकललं. नागपूरच्या सीताबर्डीतल्या त्या पहिल्या मजल्यावर शिरताना लोक आपोआप हळू बोलू लागत. आत एसी होता, खिडक्यांना जाड पडदे होते आणि मधल्या टेबलावर पांढरं कापड पांघरलेला कॉम्प्युटर होता. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा मे महिना चालू होता. खाली रस्त्यावरचं डांबर टाचेला चिकटत होतं.

कौशल्याबाईंनी कोपऱ्यातली खुर्ची धरली, पिशवीतून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला घेतली. मशीन घ्यावं की घेऊ नये, यावर त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. घटकाभर गारव्यात बसायला मिळतं म्हणून आपण बर्डीवर जातो, असं त्यांनी प्रतापनगरातल्या शेजारणींना सांगून ठेवलं होतं.

मारोतराव रेल्वे डाकसेवेत तेहतीस वर्षं सॉर्टर होते. इटारसीच्या वाटेवर हलत्या डब्यात उभं राहून त्यांनी लाखो पत्रं आपापल्या खणात टाकली होती आणि जगातली कोणतीही गोष्ट कुठल्या ना कुठल्या खणात बसतेच, हा त्यांचा विश्वास तिथेच पक्का झाला होता. घरीही त्यांनी सुताराकडून एकशेवीस खणांची मांडणी करून घेतली होती. तिच्यात त्यांच्या वधूवर सूचक मंडळाची कार्डं असत. मंडळ बावीस वर्षांचं होतं. मुलांची निळी कार्डं, मुलींची पिवळी; वय, उंची, शिक्षण, शेती, मामकुळ, सारं एकाच अक्षरात. जुळवणीचे नऊ नियम त्यांनी स्वतः ठरवले होते. कोणाची चौकशी आली की नियमांत बसणारी पाच कार्डं काढून ते त्यांच्या नकला करत आणि कौशल्याबाईंकडे देत. पाकीट चिकटवून पत्ता घालणं आणि पेटीत टाकणं हे बाईंचं काम. लग्न जमल्याची खबर आली की ती दोन कार्डं टाचणीने जोडून, वर लाल शाईने तारीख घालून, सगळ्यात वरच्या ओळीतल्या खणांत जात. त्या खणांकडे मारोतराव पाहुण्यांना मुद्दाम घेऊन जात.

निवृत्तीनंतर कार्डांना कसर लागू लागली, तेव्हा त्यांनी मशीनचं मनावर घेतलं.

दुकानदार केशवराव डहाके आधी टाइपरायटर विकत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की साठवायचं किती आहे. मारोतराव त्यावर घरी जाऊन आठ दिवस अक्षरं मोजत बसले. शंभर कार्डं मोजून सरासरी काढली: एका कार्डावर चारशे बारा. मशीनमध्ये दोन शब्दांमधली मोकळी जागाही अक्षरच धरतात हे कळल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं होतं. तीन हजार एकशे चाळीस कार्डं. आज त्यांनी तो कागद केशवरावांपुढे ठेवला. साधारण तेरा लाख अक्षरं.

केशवरावांनी कौतुकाने मान हलवली आणि दोन वाटा सांगितल्या. एक स्वस्त मशीन, दोन फ्लॉपींचं. फ्लॉपी म्हणजे ही काळी चौकोनी चकती. चार फ्लॉप्यांत सगळं मंडळ मावेल, पण एका वेळी दोनच आत जातात, बाकीच्या बाहेर. दुसरं मशीन हार्ड डिस्कचं. तिच्यात दोन कोटी अक्षरं कायमची राहतात आणि सगळी कार्डं एकदम चाळता येतात. मारोतरावांचे नऊ नियम एकदा आत घातले की मशीन एका मिनिटात स्वतःच जोड्या काढून देईल.

मारोतरावांनी फ्लॉपी उजेडाकडे धरून पाहिली. केशवरावांनी ती अलगद काढून घेतली आणि वाकवायची नाही, बोट लावायचं नाही, उन्हात ठेवायची नाही असं सांगितलं. मग त्यांनी घरी कूलर आहे का ते विचारलं. होता, खसाची म्हणजे वाळ्याची ताटी लावलेला, दिवाणखान्याच्या खिडकीत. कूलरची ओली हवा मशीनला चालत नाही, असं केशवराव म्हणाले. बिनाकूलरचं नागपूरच्या माणसाला चालत नाही, हे मारोतरावांनी त्यांच्या लक्षात आणून दिलं. बऱ्याच चर्चेनंतर मशीन देवघराच्या खोलीत आणि देव कूलरच्या खोलीत असं ठरलं. सुपारी कातरण्याचा आवाज किंचित थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

हार्ड डिस्क महाग होती. ग्रॅच्युइटीचा मोठा घास तिच्यात जाणार होता. मारोतरावांनी परीक्षा मागितली. वरच्या ओळीतली, लाल शाईची पन्नास जोडपी त्यांनी खोक्यात आणली होती. ती कार्डं सुटी करून, मुलं वेगळी मुली वेगळ्या, नियमांसकट मशीनमध्ये घालायची. मशीनने तीच पन्नास जोडपी जुळवून दाखवली तर हार्ड डिस्क पक्की.

केशवरावांना ही अट फार आवडली. त्यांनी स्वतः पाच दिवस बसून नावं इंग्रजी अक्षरांत घातली. सहाव्या दिवशी उमाटे नवराबायको पुन्हा आले, चपला ओळीत लागल्या, पांढरं कापड निघालं. केशवरावांनी बटण दाबलं. मशीन थोडा वेळ घरघरलं आणि पडद्यावर हिरवा आकडा आला. तीन.

केशवरावांनी मशीन बंद केलं, स्टॅबिलायझरवर टिचकी मारली, शंभरपर्यंत मोजून पुन्हा चालू केलं. तीन. बर्डीवर या दिवसांत व्होल्टेजचा भरवसा नसतो, असं ते म्हणाले. तिसऱ्यांदाही तीन आल्यावर त्यांच्या कपाळावर एसीत घाम आला. त्यांनी खोक्यातून एक जोडी काढली, पडद्याशी ताडून पाहिली आणि घसा साफ केला.

“उमाटेसाहेब, नियम चौथा. पोरगी पोराहून कमीत कमी दोन इंच ठेंगणी पाहिजे. हे पुलगावचं जोडपं पाहा. पोरगीच एक इंच उंच हाय.”

मारोतरावांनी चष्मा लावला. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी दुसरी जोडी घेतली. मुलगा मुलीपेक्षा आठ महिन्यांनी लहान. तिसरीत मुलगा एम.ए. आणि मुलगी सातवी नापास. चौथीत मुलाकडे शेतीच नव्हती. बावीस वर्षांत त्यांनी ही कार्डं कितीदा हाताळली होती, पण लाल तारीख पडल्यावर टाचणी काढून आत पाहायचं कधी कारणच पडलं नव्हतं. खणात गेलेलं पत्र सॉर्टर पुन्हा वाचत नाही.

अडकित्त्याचा आवाज आता थांबला होता.

“मशीन बरोबर हाय,” कौशल्याबाई म्हणाल्या.

दोघेही त्यांच्याकडे वळले.

“तुम्ही काढलेले पाच मी तसेच ठेवत होती. त्याच्यात एक माह्या मनाचं टाकत होती.”

“एकच?” मारोतरावांनी विचारलं.

“एकच. आता लोकं तेच निवडत, त्याले मी काय करू.”

मारोतराव चार-चार दिवस गाडीवर असत, तेव्हा आईबाप मुलामुलींना घेऊन घरी येत आणि ओसरीवर बसत. चहा कौशल्याबाई करत. पुलगावचा मुलगा आपल्या आईला पाणी देताना पेल्याचा तळ स्वतःच्या रुमालाने पुसून देत होता, हे त्यांनी पाहिलं होतं. उंच मुलगी येताना दाराच्या चौकटीला कपाळ आपटून स्वतःच हसली होती. ही दोघं एका घरात बरी राहतील, असं त्यांना वाटलं. यासाठी कार्डावर खण नव्हता.

केशवराव अस्सल विक्रेते होते. बाईंना जे दिसतं तेही मशीनमध्ये घालता येईल, असं ते उत्साहाने म्हणाले आणि त्यांनी बोटं कळफलकावर ठेवली. नमुन्यादाखल एकाच मुलाचं सांगा. कौशल्याबाईंनी उमरेडकडच्या एका मुलापासून सुरुवात केली. त्यात त्याच्या मोठ्या बहिणीचं बाळंतपण आलं, शेजाऱ्याची बकरी आली, बकरीवरून झालेलं भांडण आणि त्या भांडणात मुलगा काहीच बोलला नाही ते आलं, आणि तो काहून बोलला नाही याचं कारण त्याच्या आजोबांपासून सुरू झालं. बारा मिनिटांनी केशवरावांनी हात झटकले.

“याले दुप्पट मोठी डिस्क, चाळीस मेगाबाईटची लागल,” ते हळूच म्हणाले. “ते मले मुंबईहून मागवा लागल.”

परतीच्या बसमध्ये मारोतराव खोकं मांडीवर घेऊन बसले आणि प्रतापनगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. घरी ते जेवले, पण वाढताना काही मागितलं नाही. दोन दिवस ते खणांच्या मांडणीकडे पाठ करून बसत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नियमांत बसलेल्या तीन जोड्यांपैकी एकीचा पत्ता खिशात टाकला आणि कामठीची बस धरली. बायकोला त्यांनी फक्त काम आहे एवढं सांगितलं. निदान एक तरी घर आपण उभं केलं आहे, ते डोळ्यांनी बघून यावं, असं त्यांच्या मनात होतं.

कामठीला पुष्पलता नावाची शिक्षिका आणि तिचा नवरा राहत. नवरा छावणीच्या कचेरीत होता, त्या वेळी कामावर गेलेला. पुष्पलताने त्यांना ओळखलं, आंब्याचं पन्हं दिलं, दोन मुलांना पाया पडायला लावलं. घर नीटनेटकं होतं. मारोतरावांनी डोळ्यांनीच दाराची उंची, मुलांची वयं, भिंतीवरचा पदवीदानाचा फोटो तपासला. सगळं नियमाप्रमाणे होतं. त्यांना बरं वाटलं, आणि म्हणून त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की पाकिटात सहा कार्डं आली होती ना. मग हेच कार्ड कसं निवडलं?

पुष्पलता म्हणाली की तिचे वडील सहाव्याकडेच झुकले होते. पण सोबत चिठ्ठी होती, म्हणून आधीची पाच पुन्हा पाहिली. तिने ती जपून ठेवली होती. लग्नाच्या फोटोंच्या वहीतून काढून त्यांच्या हातात दिली.

पोस्टकार्डाच्या अर्ध्या तुकड्यावर कौशल्याबाईंचं गोलमटोल अक्षर होतं. ‘सोबतची पाच कार्डे यजमानांनी काढली आहेत. ते फार बारकाईने पाहतात व सहसा चुकत नाहीत. तरी आधी ती पाहावी. सहावे मी ठेवले आहे, त्याचे मनावर घेऊ नये.’

“हे फक्त तुम्हालेच आली होती का?” मारोतरावांनी विचारलं.

“नाही जी. माह्या दोन बहिणींच्या पाकिटातही होती. अशीच.”

मारोतरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग पन्ह्याचा रिकामा पेला उचलून त्यातून एक घोट घेतला आणि खाली ठेवला. पुष्पलताने आणखी आणू का विचारलं. ते नको म्हणाले आणि उठले. निघताना त्यांनी चिठ्ठी परत दिली, पण वहीत ती सरळ ठेवली गेली आहे ना, हे पाहून मगच चपला घातल्या.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. कौशल्याबाईंनी मीठ वाढलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून निश्चिंत झाल्या.

सोमवारी दोघं पुन्हा बर्डीवर गेले. केशवरावांनी हार्ड डिस्कचं बिल करून ठेवलं होतं आणि मुंबईला चाळीसच्या चौकशीचं पत्रही लिहिलं होतं. मारोतरावांनी दोन्ही कागद वाचले, घडी केली आणि टेबलावर बाजूला सरकवले.

“दोन फ्लॉपीवालं द्या.”

“मंग जुळवणी? त्याच्यात जुळवणी नाही व्हायची, साहेब. ते नुसतं सांभाळून ठेवते.”

“तेवढंच पाहिजे. कसर नाही लागली पाहिजे, बस. जुळवाचं आमचं आम्ही पाहू.”

कौशल्याबाईंनी मान वर केली नाही. त्या सुपारीचं खांड फिरवून त्याची चांगली बाजू शोधत होत्या.

केशवराव थोडे हिरमुसले, पण गिऱ्हाईक हातचं गेलं नव्हतं. त्यांनी नवा कागद घेतला आणि कार्डावर काय काय घ्यायचं ते एकेक विचारून लिहू लागले. नाव, गाव, वय, उंची, शिक्षण, शेती, मामकुळ. शेवटी त्यांनी सुचवलं की एका ओळीत शेऱ्यासाठी जागा सोडता येईल. चाळीस अक्षरांची.

मारोतरावांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे एकदा पाहिलं.

“नको,” ते म्हणाले. “शेरा घरीच राहते.”

केशवरावांनी कागदावर लिहून घेतलं: शेरा – नाही.