तीस ग्रॅमचं बोट

मित्रांनो, मी एक जुना ताटलीवाला स्प्रिंगकाटा आहे. जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात लहान स्प्रिंगांचा जोर मोजणं हे माझं काम. पासष्टच्या लढाईत तिन्ही पाळ्या चालल्या, तेव्हा साहेब माझी पाठ थोपटत. लढाई संपली आणि माझ्यावर 'बाद' असा शिक्का बसला.

त्याच लढाईत मशीन फुटून नीलकंठ या कारागिराचे डोळे गेले. कारखान्याने उदार मनाने कळवलं: ब्रेल वाचून दाखवा, टेलिफोनवर नोकरी देऊ, नाहीतर क्वार्टर सोडा.

फोरमन श्यामसुंदर यांनी मला भंगारातून उचलून त्याच्या घरी पोचवलं. नीलकंठच्या बोटांना काडतुसांच्या पितळेची कड चाचपायची सवय. ब्रेलचे ठिपके तो असे दाबायचा, की दुसऱ्या वाचनाला पान सपाट. म्हणून त्याची बायको विनता माझ्या ताटलीवर पान ठेवी आणि काटा बघून ओरडे.

"दीडशे ग्रॅम! अहो, काहून दाबून राहिले? अक्षरं आहेत, ढेकूण नाहीत!"

"हलकं केलं तर काही लागत नाही, विनता."

"लागेल. माझ्या गालाला लावता तसं लावा."

चार महिन्यांनी काटा तीसवर आला. इतका कमी जोर मी इतक्या अभिमानाने कधीच दाखवला नव्हता.

नीलकंठला माझ्याच ताटलीवर वाचायची सवय, म्हणून परीक्षेला विनताने मला पिशवीतून नेलं. कचेरीतले बडेबाबू गुणवंतराव यांनी फायलीतून परीक्षेचं पान काढून माझ्यावर ठेवलं. नीलकंठने बोट फिरवलं. तीस. मग साठ. मग घाम. मग दोनशे.

"कागद कोरा आहे, साहेब."

"कोरा कसा? दिल्लीहून आला आहे. उबडखाबड आला होता बेटा, आठ दिवस रजिस्टरांखाली दाबून सरळ केला मी. सरकारी कागद आहे, नीट नको?"

"बाबूजी, तीच तर अक्षरं होती!" विनता म्हणाली.

गुणवंतरावांनी शेरा लिहिला: 'उमेदवार बोटावर फार जोर देतो. नापास.' पुरावा म्हणून माझा आकडा नोंदवला. मी खोटं बोललो नव्हतो, मित्रांनो. तेच जास्त झोंबतं.

मला सरकारी माल म्हणून जप्त केलं. नीलकंठ आता बड्या फुहाऱ्याच्या बाजारात वेताच्या खुर्च्या विणतो. गुणवंतरावांची खुर्चीही त्यानेच विणली. वीण घट्ट झाली आहे म्हणतात. तिच्यासमोरच्या टेबलावर मी असतो, कागद दाबायला.

माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी लोखंडाचा आहे. एवढंच करा: उबडखाबड कागद हाती आला, तर सरळ करण्याआधी त्यावरून एकदा बोट फिरवा. तीस ग्रॅम पुरे.