चिंधी अडकली तेव्हा

मी एक जुनी क्रेन आहे, मित्रांनो. कारखान्याच्या छपराखाली, दुमजली घराएवढ्या उंचीवर, दोन रुळांवर माझं बस्तान आहे. इतक्या उंचावर राहणारीने खरं तर ताठ मानेनं जगावं. पण मला तुमच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटते. का, ते सांगते. ऐकून मला नावं ठेवलीत तरी चालेल.

मी इथे आले तेव्हा माझा पिवळा रंग लखलखत होता. दहा टनांचं ओझं मी फुलासारखं उचलायची. कामगार मला कौतुकानं ‘हत्तीण’ म्हणायचे. ओझं पेलायचा माझा पोलादी दोर शेकडो बारीक तारा पिळून केलेला होता, आणि त्या दोराची काळजी एकाच माणसाला होती. ते म्हणजे आमचे मिस्त्री. सगळे त्यांना चिंधीकाका म्हणत.

काकांच्या खिशात कायम सुती चिंधी असायची. रोज सकाळी ते माझा मेन स्विच बंद करत, त्याला स्वतःचं कुलूप घालत आणि किल्ली खिशात टाकून वर चढत. का, तर ते वर असताना खालून कुणी मला चालू करू नये. मग ते दोरावरचं जुनं ग्रीस पुसून काढत आणि कोरडी चिंधी दोरावरून हळूच फिरवत. एखादी तार तुटलेली असेल, तर तिचं टोक चिंधीत अडकायचं. डोळ्यांना दिसत नाही ते चिंधीला कळतं, असं ते म्हणत. माझ्या हुकाखाली कुणाचा केसही वाकडा होऊ नये, एवढी एकच त्यांची इच्छा होती.

पण मला त्या चिंधीचा भारी राग यायचा! चिंधी अडकली की काका ती वर धरून ओरडायचे, “हत्तीणबाईंनी चिंधी धरली रे!” खाली सगळे खो खो हसायचे. मी शरमेनं अर्धी होऊन जायची. चारचौघांत आपलं म्हातारपण असं उघडं पडलेलं कुणाला आवडेल? मित्रांनो, मी तेव्हा नको तिथे लाजले.

पुढे काकांची लेक माझ्या केबिनमध्ये बसून मला चालवायला लागली. पोरीचा हात इतका हलका होता की भरलेला ग्लास माझ्या हुकाला टांगला असता तरी थेंब सांडला नसता.

एका शनिवारी चिंधी एकाच वीतभर जागेत सात वेळा अडकली. त्या दिवशी काका ओरडले नाहीत. मुकाट्यानं खाली उतरले, कुलूप तसंच ठेवलं आणि साहेबांना म्हणाले, “दोर बदलल्याशिवाय ही काही उचलणार नाही.”

“काका, सोमवारी पाहुणे येतायत,” साहेब म्हणाले. “क्रेन बंद दिसली तर माझी काय शोभा राहील? एकच पंप उचलून दाखवायचाय. दोर मंगळवारी बदलू, शब्द देतो. आणि चालवणार तुमचीच लेक ना?”

काका नाही नाही म्हणत होते. पण साहेबांनीच त्यांच्या लेकीला काम शिकवलं होतं, केबिनमध्ये बसवलं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. काकांनी खिशातून किल्ली काढून दिली. “एकदाच,” ते म्हणाले, “आणि खाली कुणी उभं राहायचं नाही.”

सोमवारी सकाळी साहेबांच्या सांगण्यावरून दोघा कामगारांनी माझ्या दोराला जाडजूड ग्रीस फासलं. जुनं पुसलं नाही, चिंधी फिरवली नाही. दोर नव्यासारखा चकाकायला लागला. पाहुणे वर बघून म्हणाले, “वा! काय ठेवलीय क्रेन!” आणि मी, अगंबाई, मी चक्क खूश झाले! किती वर्षांनी कुणीतरी मला छान म्हटलं होतं.

पंप आठ टनांचा होता. तो जमिनीवरून सुटला आणि ग्रीसच्या आत टिक, टिक करत तारा तुटायला लागल्या. मला कळत होतं. एरवी जरा ताण पडला की करकर करणारी मी, त्या दिवशी मूग गिळून बसले. पाहुण्यांसमोर कशाला कुरकुर, असं मला वाटलं.

तेवढ्यात एक पाहुणे जवळून बघायला म्हणून जमिनीवरची धोक्याची पिवळी रेघ ओलांडून पुढे आले. “मागे व्हा!” काका ओरडले, धावले आणि त्यांना जोरात ढकललं. दोर तुटला. पाहुणे वाचले. काकांचा उजवा हात मात्र पंपाखाली सापडला. केबिनमधून लेकीनं मारलेली हाक, “बाबा!”, अजून माझ्या लोखंडात घुमते.

तो हात गेला, मित्रांनो. रोज मला पुसणारा हात.

बरेच दिवस मी बंद होते. मग नवा दोर आला आणि काकाही आले. त्यांची उजवी बाही दुमडून पिनेनं अडकवली होती. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी डाव्या हातानं माझा हुक थोपटला. “तुझा काय दोष, बाई! किल्ली मी दिली.” त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेक केबिनकडे बघायलाही तयार नव्हती. काकांनी तिच्या हातात चिंधी आणि किल्ली ठेवली. “चालवायला दुसरं कुणी मिळेल, पोरी. तपासायला तू हवीस.”

तेव्हापासून रोज सकाळी ती वर येते. आता तो नवा दोरही जुना झालाय. परवा चिंधी तीनदा अडकली. तिनं कुलूप तसंच ठेवलं. खाली साहेब घड्याळ बघत उभे होते. “आजचा दिवस चालवू या ना,” ते म्हणाले आणि सवयीनं हात पुढे केला.

“किल्ली मागू नका, साहेब,” ती शांतपणे म्हणाली. “बाबांनी एकदा दिली होती.”

साहेबांचा हात हवेतच राहिला. मग तो खाली गेला आणि दोर बदलायला माणसं आली.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुठली ना कुठली यंत्रं सांभाळाल. त्यांना चकचकीत ठेवा, पण आधी तपासा. आणि कुणी तुमची चूक दाखवली तर माझ्यासारखं रुसू नका. आता चिंधी दोरावरून फिरते तेव्हा मी मनात म्हणते, एखादी तार तुटली असेल तर अडक गं बाई, घट्ट अडक, सगळ्यांदेखत अडक. हसू देत मला हसायचं तितकं. त्या हसण्याची लाज कधीच गेली. चकाकत गप्प बसले होते, ती लाज मात्र अजून जात नाही.