मासे पहाटे बघायचे

"दुपारी बघून माशांचं काही कळत नाही गं. बघायचेच असतील तर पहाटे बघत जा, टाकीचा दिवा लावायच्या आधी."

ताईने हे सांगितलं तेव्हा तिची धाकटी बहीण आपल्या तान्ह्या लेकीचा, बाळीचा, लंगोट बदलत होती. एका हातात बाळीचे दोन्ही पाय, दोन दातांत पिन, आणि लक्ष बाळीच्या पोटाकडे, की श्वास नीट चाललाय ना. तिने पिनेसकट "हूं हूं" केलं आणि विषय तिथेच संपवला.

टाकी ताईचीच. गेली कित्येक वर्षं ती ताईच्या खोलीत, खिडकीशेजारच्या लोखंडी स्टँडवर उभी होती. बाळी मान धरायला लागली तशी ताईने जाहीर केलं, "ही आता भाचीला. तिला बघायला काहीतरी हलतं हवं ना, किती दिवस तुमची तोंडं बघणार?" दोन गल्ल्यांचंच अंतर. धाकटीच्या नवऱ्याने आणि शेजारच्या सुताराने मिळून काच हातगाडीवर घातली, रेती आणि मासे बादल्यांत, झाडं ओल्या वर्तमानपत्रात. स्टँड तेवढा ताईकडेच राहिला.

"पण तू का देतेस? जीव आहे तुझा त्यांच्यावर," धाकटीने विचारलं होतं.

"बादल्या उचलायचा कंटाळा आलाय. म्हातारी झाले मी."

"चल गं, म्हातारी म्हणे!"

ताई धाकटीपेक्षा पुष्कळ मोठी. आई गेली तेव्हा धाकटी दुधाचे दात पाडत होती, तेव्हापासून वेणीफणी, अभ्यास, ताप, परीक्षा, सगळं ताईने निस्तरलं. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर आयतीच मिळाली, आणखी व्याप कोण वाढवतो?" ग्रंथालयात ती फाटकी पुस्तकं बांधायची. दाभण, दोरा, खळ, पुठ्ठा. तिच्या बोटांना कायम खळीचा आंबूस वास, आणि बोटं अशी की पानाची चीरही न दिसता जोडावी.

त्याच बोटांनी तिने धाकटीच्या बैठकीत टाकी लावली. स्टुलावर बसून, लांब चिमट्याने एकेक रोप रेतीत खोचत. मागे लांब गवतासारखी पाती, मधे लाकडाला काळ्या दोऱ्याने बांधलेलं नेचं, पुढे बोटभर उंचीची हिरवळ. दोन रोपं झाली की थांबायची, हात मांडीवर ठेवून बसायची, पुन्हा सुरू.

"हे बघ चिमणे," धाकटीला ती अजूनही चिमणीच म्हणायची, "मासे घाण करतात, रेतीतले जिवाणू ती पचवतात, उरलेलं झाडं खातात. झाडं हवा देतात, मासे ती घेतात. तू मधे लुडबुड केली नाहीस तर त्यांचा संसार त्यांचा ते करतात."

"ताई, मी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी केलीय. फीसुद्धा तूच भरली होतीस."

"म्हणूनच सांगते. शिकलेली माणसं फार लुडबुड करतात."

नवरा खो खो हसला. धाकटीने त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा टाकायला गेला.

भानगड झाली पंपाची. हवेचा तो छोटा पंप गुणगुणायचा, आणि बाळीला त्याने झोप लागत नाही असं धाकटीने ठरवून टाकलं. बाळीने तशी काही तक्रार केली नव्हती. पण धाकटीला त्या गुणगुणीत बाळीचा श्वास ऐकू यायचा नाही, खरी अडचण ती होती. रोज झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून बसायची ती. नवरा म्हणायचा, "अगं, ती घेतेय श्वास. तू घे आता."

"एवढी झाडं आहेत, पंप हवाय कशाला?" तिने ताईला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वायर काढली. तेव्हाच ताई ते पहाटेचं बोलली होती. वायर गुंडाळून टाकीच्या टेबलाखाली ठेवत बोलली, आग्रह केला नाही. आग्रह करायचा तिचा स्वभावच नव्हता.

पहिल्या काही आठवड्यांत झाडांची पानं विरघळायला लागली. पारदर्शक होऊन गळायची, पाण्यात चोथा. धाकटी कासावीस. उपटून टाकायला निघाली तर ताईने मनगट धरलं. "जागा बदलली की पानं टाकतात ती. खाली मुळं धरतायत. वरून बघून मेलं म्हणू नये." आणि खरंच, थोड्या दिवसांनी मधोमध नवा, कोवळा, पोपटी कोंब. धाकटीने त्याचा फोटो काढून नवऱ्याला ऑफिसात पाठवला. बाळीचा पहिला दात सोडला तर एवढ्या उत्साहाने तिने दुसरं काही पाठवलं नव्हतं.

ताई रोज दुपारच्या सुट्टीत यायची. दाराशी येऊन थांबायची, दाराला टेकून म्हणायची, "जिना वाढवलात का रे मला न सांगता?" मग हसायची, सगळेच हसायचे. पर्स ठेवायची, बाळीला मांडीवर घ्यायची आणि टाकीसमोर बसायची. गप्पी मासे इकडून तिकडे पळायचे. तळाशी एक मिशीवाला मासा रेती चिवडत फिरायचा, त्याला ताईने नाव ठेवलं होतं आजोबा. "आजोबा चष्मा शोधतायत बघ," ती बाळीला सांगायची आणि बाळी खिदळायची.

कधीतरी धाकटीचं लक्ष ताईच्या पायांकडे गेलं. सँडलचा पट्टा शेवटच्या भोकात, आणि तरी घोट्याला वळ उठलेला.

"पाय सुजलेत का गं?"

"दिवसभर उभं राहून खळ लावते ना. तुझ्यासारखी राणी आहे का मी?"

पटण्यासारखंच उत्तर होतं. तेवढ्यात बाळी शिंकली. एका शिंकेने धाकटीचं सगळं लक्ष पळवलं.

टाकी मात्र बहरली. दुपारी दिवा लागलेला असायचा, पानापानावर हवेचे बारीक मोती जमायचे, सुटून वर जायचे. येणारा जाणारा थबकायचा. धाकटीला वाटलं, एवढ्या झाडांनी एवढं, तर आणखी घातली तर किती छान. बाजारातून तिने तरंगणारी झाडं आणली, टिकलीएवढ्या पानांची. ती अशी फोफावली की पाण्यावर हिरवी गोधडी पसरली. गप्प्यांनाही पिल्लं झाली, त्यांनाही पिल्लं झाली. सगळं कसं भरलेलं, हिरवं, सुखी.

आणि मासे मरायला लागले.

एक दिवस एक. मग मधे काही नाही. मग दोन. सकाळी नाश्त्याच्या गडबडीत झाडांत अडकलेला पांढरट देह सापडायचा. दुपारी बाकीचे ठणठणीत. धाकटीने खाणं कमी केलं. पाणी बदललं. दुकानातून आणलेल्या पट्ट्या बुडवून रंग तपासले, सगळे रंग जिथे हवेत तिथे.

"पहाटे बघितलंस का?" ताईने विचारलं.

"पहाटे मी उभी तरी असते का? रात्रभर ही जागवते, पहाटे जरा डोळा लागतो."

"बरं." ताईने बाळीच्या टाळूवरून हात फिरवला. "जमेल तेव्हा बघ."

जमवलं ते बाळीनेच. दाढा येत होत्या की काय, ती उजाडायच्या आधी उठली आणि रडं थांबेना. नवरा आदल्या दिवशी थकून आलेला, म्हणून धाकटी तिला खांद्यावर टाकून बैठकीत आली. दिवा लावला नाही, बाळी नुकती पेंगायला लागली होती. खिडकीतून रस्त्याच्या दिव्याचा उजेड तिरपा टाकीवर पडला होता.

सगळे मासे वर होते.

त्या हिरव्या गोधडीच्या खाली, जिथे जिथे पाण्याची फट होती तिथे तिथे दाटीवाटीने, तोंडं वर करून, उघडझाप करत. कल्ले जोरजोरात हलत होते. पळापळ नाही, खेळ नाही. आणि आजोबा, जो जन्मभर तळ सोडून फारसा हलला नसेल, तोही काचेला टेकून उभा, मिशा पाण्याबाहेर.

 परीक्षेत तिने हे लिहिलं होतं, आकृती काढून लिहिलं होतं: अंधारात झाडंही श्वास घेतात, त्याच पाण्यातून, त्याच माशांच्या वाटणीतला. वरून तिने गोधडी घातलेली, बाहेरची हवा आत यायलाही जागा नाही. रात्रभर सगळे मिळून तेवढंच पुरवून पुरवून घेत होते. पहाटेपर्यंत संपत होतं.

बाळीला सोफ्यावर उशांच्या कडेत निजवून तिने पंपाची वायर शोधली, लावली. दोन्ही हातांनी तरंगती झाडं ओरबाडून बादलीत टाकली. मग गुडघ्यांवर बसून राहिली. पूर्वेला फटफटलं. एकेक मासा खाली उतरला. आजोबा तळाशी गेले आणि चष्मा शोधायला लागले. जणू काही झालंच नव्हतं.

तिला धस्स झालं ते यामुळे. इतक्या सहज ते बरे दिसायला लागले.

ताईला सांगायलाच हवं, आत्ताच. तू म्हणालीस ते खरं होतं, मी गाढव आहे, असं म्हणायचं आणि तिच्या हातचा पहिला चहा प्यायचा. नवऱ्याला हलवून तिने बाळीजवळ बसवलं, शाल ओढली आणि निघाली. रस्त्यावर दूधवाल्याची सायकल सोडता कुणी नव्हतं. ताईच्या खोलीची एक किल्ली तिच्याकडे असायचीच. कुलूप हळूच उघडून ती आत शिरली, दचकवायचं म्हणून.

पलंगावर कुणी नव्हतं. चादरीला घडीच्या रेघा तशाच होत्या, त्यांवर धुळीचा पातळ थर. त्या पलंगावर कित्येक दिवसांत कुणी झोपलं नव्हतं.

ताई खिडकीशी होती. टाकीच्या रिकाम्या लोखंडी स्टँडवर उशा रचलेल्या, समोर खुर्ची, खुर्चीत ताई, उशांवर पुढे वाकलेली, तोंड उघड्या खिडकीकडे. ओठ निळसर. आणि खांदे, प्रत्येक श्वासाला कानापर्यंत वर जाणारे खांदे.

"ताई!"

तिने मान वळवली. हसायला गेली. "एवढ्या... लवकर?" मग थांबून, दोन श्वास गोळा करून, "मासे... बघितलेस?"

"ताई, हे काय आहे?"

"काही नाही गं. आडवं झालं की... दाटतं. उजाडलं की... बरं वाटतं."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पायाच्या सुजेवर अंगठा दाबला. खळगा पडला, तसाच राहिला. हृदय फार थकलंय, म्हणाल्या. पाणी साठतंय फुप्फुसात, आडवं झालं की वर चढतं. "बसून झोपायला कधीपासून लागलात?"

धाकटीने ताईकडे बघितलं. ताईने छताकडे.

"टाकी दिली त्याच्या आधीपासून," शेवटी ताई म्हणाली.

बाई गेल्यावर धाकटीने कॉटच्या कडेला डोकं टेकलं. "मला का नाही सांगितलंस? रोज येत होतीस. रोज!"

"तू आधीच एकीचा श्वास मोजत बसलेली. त्यात माझा आणखी कुठे मोजणार होतीस?"

"आणि ते पहाटेचं... ते तू मला सांगतच होतीस ना?"

ताईने नळीतून दोन श्वास घेतले. मग म्हणाली, "अगं, मी माशांबद्दलच बोलत होते. उगाच अर्थ काढत बसू नकोस. शिकलेली माणसं..." पुढचं तिला म्हणवलं नाही. धाकटीला रडता रडता हसू आलं, आणि हसता हसता ती पुरती कोसळली.

ताई त्यातून उठली नाही. मधे एकदा बरी वाटली, उशीला टेकून बसली, बाळीने तिच्या हातातली नळी ओढली म्हणून तिला लटकं रागावलीही. ती दुपारची वेळ होती. नर्स म्हणाली, आज छान दिसतायत.  धाकटी त्या दिवशी घरी गेली नाही. उजाडायच्या थोडं आधी ताईचा हात तिच्या हातात होता, नखांच्या कडेला खळीचे वाळलेले पापुद्रे अजून तसेच. खांदे वर गेले, खाली आले. पुन्हा वर गेले नाहीत.

ती खुर्ची आता धाकटीच्या बैठकीत आहे, टाकीसमोर. पंप गुणगुणत असतो आणि बाळी त्याच्या आवाजात ढाराढूर झोपते, कधीच तिची हरकत नव्हती. तरंगणारी झाडं धाकटी मूठभरच ठेवते. नेच्याला नवीन पानं आली आहेत, ताईने बांधलेला काळा दोरा मुळांखाली दिसेनासा झालाय. आजोबाही आहेत. रोज उजाडायच्या आधी ती उठते, दिवा न लावता त्या खुर्चीत बसते आणि कुणी वर आलंय का ते बघते. कुणी नसतं. बघायला हवं होतं तेव्हा बघितलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

ओळखीतल्या प्रत्येकाला ती आता एक गोष्ट सांगते, आणि तुम्हालाही तीच सांगते आहे. तुमच्याकडे दुपारचं येऊन, हसून, थट्टा करून जाणारं कुणीतरी असेल. जिन्याच्या वर दाराला टेकून जरा थांबणारं. त्यांच्याकडे एकदा उजाडायच्या आधी जाऊन या. एवढ्या लवकर दार वाजवायला संकोच वाटेल, तर काहीही निमित्त सांगा. मासे दाखवायचे आहेत म्हणा. पण आत गेल्यावर पलंगाकडे बघा, त्यावर रात्री कुणी झोपल्याची खूण दिसतेय का.